पाण्याखालचं करमाड

खरात मॅडमना समुद्र आवडत नसे. सगळी नोकरी समुद्राखालच्या तेलाच्या शोधात गेली, पण समुद्राचं नाव निघालं की त्या माशी उडवावी तसा हात झटकायच्या. म्हणायच्या, "पाणी मधी येतं रे. दगड खाली, माणूस वर, अन् मधी उगंच येवढं पाणी."

आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, तेव्हा त्या नुकत्याच निवृत्त होऊन मुंबईहून परतल्या होत्या. मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, गारखेड्यातलं लहानसं घर, वर एकच मजला, पुढं बदामाचं झाड आणि झाडाखाली निरनिराळ्या दगडांचा ढीग. दारावर 'सुजाता खरात, भूवैज्ञानिक' अशी पाटी होती, पण कॉलनीत त्यांना 'तेलवाल्या मॅडम' म्हणत. कोपऱ्यावरच्या भाजीवालीची तर पक्की समजूत होती की बाईंचा तेलाचा घाणा आहे. एकदा तिनं करडईच्या तेलाचा भाव विचारला. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "आमच्या घाण्याचं तेल खायचं नसतं माय. लई जुनं हाय."

"किती जुनं?"

"माणूस नव्हता तवाचं."

भाजीवालीनं कोथिंबिरीची एक जुडी जास्तीची घातली. बहुधा दया येऊन.

रेखा, माझी बायको, पहिल्याच आठवड्यात त्यांना अक्का म्हणायला लागली. मग मीही. मला त्या मास्तर म्हणायच्या, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो. त्यांचं आयुष्य इंग्रजी अहवाल लिहिण्यात गेलेलं, पण बोलणं त्यांनी जालना रोडवरच्या करमाडचं होतं तसंच ठेवलं होतं. तिथं त्यांचे वडील कोंडिबा विहिरी खोदायचे. लहानपणी अक्का भाकरी घेऊन दोराच्या पाटीत बसून विहिरीच्या तळाशी उतरत. वडील जेवेपर्यंत ही पोरगी विहिरीच्या भिंतीवरून हात फिरवत राही. वर माती, मग मुरूम, मग काळा दगड, त्यात मधेच वीटभर जाडीचा लाल पट्टा, आणि खाली पुन्हा काळा. "बा म्हणायचा, लाल दिसला की थांब, थोडी ओल भेटती. मी म्हणायचे, पण लाल कशानं? बा म्हणायचा, ते मास्तरला इचार. मास्तर म्हणायचा, बापाला इचार. मंग मीच शिकले."

दगड हातात आला की त्या आधी जिभेला लावायच्या. ओला दगड रंग खरा सांगतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा रेखानं कुंड्यांसाठी माती आणली, तर अक्कांनी चिमूटभर तोंडात टाकली, दातांखाली चावली, थुंकली आणि म्हणाल्या, "वाळू लई हाय रेखे, मोगरा टिकायचा नाय." रेखा दोन दिवस त्यांच्या हातचा चहा प्यायली नाही. मोगरा पावसाळ्याआधीच वाळला.

त्यांची दोन वाक्यं होती. एक 'माहीत नाही.' हे त्या अशा शांतपणे म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, एवढी खात्री आपल्याला कुठल्याच गोष्टीची नाही. कॉलनीनं बोअर घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळे त्यांच्याकडे आले. समुद्राखालचं तेल शोधणाऱ्या बाईला इथलं पाणी सांगायला काय अवघड? अक्का सगळं मैदान फिरल्या, दोन ठिकाणी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "माहीत नाही. खाली बघितल्याबिगर कोन सांगणार?" लोकांनी मग नारळावर पाणी सांगणाऱ्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा धरून तो मैदानभर चालत होता, तेव्हा अक्का खुर्ची टाकून, हाताची घडी घालून आदरानं बघत होत्या. पाणी लागलं, उन्हाळ्यात आटलं.

दुसरं वाक्य होतं, 'हाय, पण परवडत नाय.' हे त्या कशालाही लावायच्या. हापूसच्या पेटीला, मुंबईच्या मैत्रिणीच्या लांबलचक फोनला, आमच्या घरमालकीण म्हणून भांडायच्या हक्काला. रेखानं एकदा धीर करून विचारलं, अक्का, लग्नाचं कधी मनात आलं नाही का? त्या पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "आलं ना. होता एकजन. चांगला होता. हाय, पण परवडत नाय, असं झालं." आणि हसल्या. ते वाक्य कुठून आलं, हे आम्हाला बरंच नंतर कळलं.

हिवाळ्यातल्या दुपारी त्या गच्चीवर येऊन बसत. समोर शहराच्या गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, लांब शहराकडेच्या सातारा डोंगराची सपाट कड. त्या डोळे मिटून बोलायला लागत आणि हळूहळू ते सगळं विरघळायला लागे. "आत्ता आपण बसलोय ना मास्तर, इथं आधी नुस्ती आग होती. भेगांतून तापलेला रस वर यायचा, पसरायचा, थंड व्हायचा. मंग शांत. हजारो वर्सं शांत. वर माती व्हायची, झाडोरा यायचा, पाऊस पडायचा. पुन्ना भेग फुटायची अन् त्या मातीवर नवा रस. भाजलेली माती लाल होती. विहिरीतला लाल पट्टा म्हंजी ती माती. कुनाचं तरी जंगल होतं ते." मग त्या बोटानं पश्चिमेकडं दाखवत. "हाच दगड तसाच चालत जातो. वैजापूर, नाशिक, घाट उतरून मुंबई. लोकं म्हनतात, तिथं जमीन संपती. दगडाला कुनी सांगितलं? तो तसाच पान्याखाली जातो. मंग त्याच्यावर ऊनऊन, उथळ समुद्र आला. त्यात डोळ्याला दिसणार न्हाईत असे जीव, पाठीवर चुन्याचं घर घेऊन फिरणारे. मेले की खाली पडायचे. पीठ चाळल्यावानी. दिवसरात नुस्तं पीठ पडतंय, कुनी बघाया नाय."

त्या थांबल्या की खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू येई आणि आपण कुठे आहोत हे कळायला क्षणभर वेळ लागे. एकदा कपडे वाळत घालता घालता रेखा तशीच उभी राहिली होती, हातात ओला टॉवेल, पायावर थेंब पडताहेत आणि तिला पत्ता नाही.

अक्कांच्या फोनवरच्या बोलण्यात एक करमाड सारखं यायचं. "करमाडचं काय झालं? कुनी घेतलं का?" किंवा "करमाडला अजून दहा वर्सं कुनी हात लावत नाय." रेखाला वाटलं, गावाकडची वडिलोपार्जित जमीन असणार, भावकीत अडकलेली. तिनं विचारलं, "अक्का, करमाडला शेती आहे का तुमची?"

"शेती नाय. विहीर हाय. बुजवलेली."

"मग उघडता येत नाही?"

"समुद्रात हाय," अक्का म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं.

नोकरीला लागल्या त्या काळी बायकांना समुद्रातल्या रिगवर पाठवत नसत. रिग म्हणजे समुद्राच्या तळावर लोखंडी पाय रोवून उभं राहिलेलं विहीर खोदायचं यंत्र. तिथं पुरुष जात. खालच्या दगडाचा चुरा कापडी पिशव्यांत भरून हेलिकॉप्टरनं मुंबईला येई, आणि अक्का प्रयोगशाळेत बसून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघत. समुद्र न बघता समुद्राचा तळ बघायचा, असं ते काम. चुरा धुवायचा, मग एका बंद पेटीत जांभळ्या उजेडाखाली धरायचा. दगडात तेल असेल तर तो त्या उजेडात चमकतो.

तेव्हाच्या समजुतीप्रमाणे तेल असलं तर चुनखडीत, म्हणजे त्या पिठाच्या दगडात. खालचा काळा दगड लागला की खोदाई थांबवायची. काळा दगड म्हणजे तळ, त्याच्याखाली काही नाही. अशीच एक विहीर चालली होती, मुंबईपासून बरीच लांब, एकाकी जागी. वरची चुनखडी खाऱ्या पाण्यानं भरलेली निघाली. काळा दगड लागला, थोडा खोदला गेला, थांबले. शेवटच्या पिशव्या अक्कांकडे आल्या. त्यांनी सवयीनं त्या पेटीत धरल्या.

"मला वाटलं, दिवाळी हाय," त्या म्हणाल्या. काळ्या कपच्यांच्या कडांना पिवळसर सोनेरी उजेड लागला होता. त्यावर औषधाचा थेंब टाकला, तर कपचीतून धुरासारखी रेघ सुटली आणि पाझरत गेली.

त्यांचे वरिष्ठ होते कृष्णन साहेब. बोलणं कमी, पान खाणं जास्त. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, वरच्या थरातलं तेल ओघळून खाली आलं असेल. नेहमी होतं.

"सर, वरच्या थरात तेलच नाही. पाणी आहे. मग ओघळलं कुठून?"

अक्का पुढं म्हणाल्या, "आमच्याकडे या दगडाच्या भेगांत पाणी असतं. सगळा मराठवाडा त्याच्यावर जगतो. पाणी राहतं तर तेल का राहणार नाही? अजून खाली जाऊ. कोअर काढू. आणि ती निघेल तेव्हा मला तिथं असू द्या." कोअर म्हणजे दगडाचा अख्खा, लांब दंडगोल. चुऱ्यासारखा कोणी त्याच्यावर शंका घेऊ शकत नाही.

साहेबांनी एवढंच विचारलं, "तू झोपणार कुठं?"

ती परवानगी होती.

अक्का रिगवर गेल्या आणि डॉक्टरच्या खोलीत, औषधांच्या कपाटाशेजारी झोपल्या. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून स्टूल लावलं. दोन दिवस ओकाऱ्या काढल्या. समुद्राविषयीचं त्यांचं मत तिथंच तयार झालं असावं. तिसऱ्या दिवशी कोअर वर आली. आजूबाजूला तेलानं माखलेले, हेल्मेट घातलेले पुरुष, मधोमध ही करमाडची मुलगी. तिनं हातोडी मागितली. एकच टोला घातला. दगड भेगेवरून फुटला आणि आतल्या हिरवट पांढऱ्या खड्यांवर तपकिरी घाम आला.

"वास कसा होता?" मी विचारलं.

अक्का म्हणाल्या, "पेट्रोल पंपावानी नाय. ओल्या मातीत राकेल सांडलं अन् त्याच्यावर कुनी गूळ ठिवला, तसा."

त्या जागेला कागदावर एक अक्षर आणि एक आकडा होता. अक्का तिला करमाड म्हणायला लागल्या, कारण दगड तोच. आधी लोक हसले, मग सगळेच म्हणायला लागले. मद्रासी, बंगाली, पंजाबी माणसं गंभीर चेहऱ्यानं बैठकीत 'करमाड' म्हणत. विहीर वाहती करून बघितली. लांब लोखंडी बाहूच्या टोकाला तेल पेटवलं, समुद्रावर ज्योत उभी राहिली. मग विहीर बंद करून दाब मोजला, तर काटा पुन्हा वर चढत गेला. आपल्याकडे विहीर उपसून ठेवतात आणि सकाळपर्यंत ती भरते, तसा. अहवालात मात्र कोणीतरी लिहिलं की दाबाचं घड्याळ बिघडलं असावं.

काही महिन्यांनी निर्णय आला. तेल आहे. पण जागा एकाकी, समुद्रातून तेल उपसणारं सगळ्यात जवळचं प्लॅटफॉर्मही लांब, तिथपर्यंत पाइप टाकायचा खर्च तेलाच्या किमतीपेक्षा जास्त. आहे, पण परवडत नाही. विहिरीत सिमेंट भरून तोंड बंद केलं.

"वाईट वाटलं असेल," रेखा म्हणाली.

"त्यांचं चुकलं नव्हतं रेखे. हिशोब मी बी बघितला. मी त्यांच्या खुर्चीत असते तर मी बी नायच म्हणले असते." मग म्हणाल्या, "बाला सांगायला मात्र अवघड गेलं."

पुढं अक्का सुट्टीला करमाडला गेल्या तेव्हा कोंडिबा खाटेवर होते. दगडाची धूळ छातीत बसलेली. त्यांनी विचारलं, "लागलं का?"

"लागलं बा. पण बुजवलं."

कोंडिबा उठून बसले. आयुष्यभरात त्यांनी कितीतरी कोरड्या विहिरी खोदल्या, पण कोरडी विहीरसुद्धा कोणी बुजवली नव्हती, उद्याच्या आशेवर उघडी ठेवली होती. "लागल्यावर कुनी बुजवतं व्हय?" ते म्हणाले. अक्कांनी पाइपचं सांगितलं, भावाचं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी शेजारच्या माणसाला म्हणाले, "पोरीला उन्हाचा तरास झालाय." पुढच्या वर्षी ते गेले. "त्याला आखरीपर्यंत वाटलं, मी खोटं बोलले. मला कायबी लागलं नव्हतं," अक्का म्हणाल्या.

नंतरच्या वर्षांत त्यांना काचबिंदू झाला. इतकी वर्षं भिंगातून बघितलेले डोळे कडेकडेनं विझत गेले. "बोगद्यातून चालल्यावानी दिसतंय," त्या सांगत. आधी रस्त्याची कडा गेली, मग माणसांचे खांदे, मग चेहऱ्याचा मधला भागच तेवढा उरला. गळ्यातल्या दोरीला लावलेलं भिंग मात्र त्यांनी काढलं नाही. बदामाच्या झाडाखाली बसून त्या दगड हातात घेत, अंगठा फिरवत आणि कुठला ते सांगत. चुकत नसत, असं नाही. चुकल्या की खूश होत.

आणि त्याच सुमारास अदितीचा फोन आला. सरकारनं जुनी, सोडून दिलेली छोटी तेलक्षेत्रं नव्यानं कंपन्यांना द्यायला सुरुवात केली होती. आता त्या जागेच्या जवळून दुसऱ्या क्षेत्राची पाइपलाइन गेली होती, तेलाला भाव होता. एका नव्या कंपनीनं ते अक्षर आणि आकडा घेतला होता. अदिती त्यांची भूवैज्ञानिक, वय तिशीच्या आसपास. जुन्या कागदांत तिला ठिकठिकाणी कंसात एक शब्द दिसत होता. तिनं फोनवर विचारलं, "मॅडम, करमाड म्हणजे काय?"

अक्कांनी गळ्यातलं भिंग मुठीत धरलं. मग म्हणाल्या, "ये. दाखवते."

अदिती आली. लॅपटॉपवर तिच्याकडे समुद्राच्या पोटाचं चित्र होतं, रंगीत, फिरवून बघता येणारं. अक्कांना ते दिसेना. अदितीनं लॅपटॉप मिटला, अक्कांचं बोट धरलं आणि टेबलावर सांडलेल्या ज्वारीच्या पिठात ते फिरवायला लागली. इथं काळ्या दगडाचा उंचवटा, इथं उतार, इथं तुमची विहीर. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. रेखानं चहा आणला, तो तसाच निवला. त्या दोघी पिठावर वाकलेल्या, बाहेर बदामाची पानं पडताहेत, आणि खोलीत कितीतरी वेळ समुद्राचा तळ पसरलेला.

"दाबाचं घड्याळ खरंच बिघडलं होतं का?" अदितीनं विचारलं. सगळं त्याच्यावर अडलं होतं. काटा खरा असेल तर खाली भेगांचं मोठं जाळं आहे, नाहीतर नुसती एखादी चीर.

"मी काट्याच्या म्होरं उभी होते. घड्याळ बिघडलं की काटा थरथरतो, नायतर अडकतो. हा सावकाश चढला. पोटुशी बाई जिना चढती तसा."

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि आम्ही खऱ्या करमाडला गेलो. कोंडिबांनी खोदलेली एक विहीर तिथं अजून चालू आहे. अक्का काठावर बसल्या, अदिती पायऱ्यांनी उतरली. "भेगा कशा हायत?" अक्कांनी वरून विचारलं.

"उभ्या!" खालून घुमत आवाज आला.

"अन् पानी कुठून येतंय?"

"भिंतीत आडवी भोकं आहेत, त्यातून."

आपल्याकडे विहिरीला पाणी कमी पडलं की तळाशी भिंतीतून आडवं बोअर मारतात, हे आम्हाला नवं नव्हतं. अक्का म्हणाल्या, "उभ्या भेगांना उभं भोक भेटत नाय पोरी. आमी उभं मारलं, नशिबानं एक भेग सापडली. तू आडवं जा."

"तेच मीही मांडते आहे मॅडम. वरचे लोक खर्चाला घाबरतात. कुठल्या दिशेला जायचं, ते सांगाल?"

अक्कांनी मान हलवली. "माहीत नाही."

अदिती विहिरीच्या पायरीवर बसून हसली. पुढं मला म्हणाली, ते 'माहीत नाही' ऐकलं तेव्हाच त्या बाईनं बघितलेल्या काट्यावर विश्वास बसला.

पहिली नवी विहीर, खर्चामुळं उभीच मारलेली, कोरडी गेली. फोन दुपारी आला. अदितीला बोलणं सुधरत नव्हतं, आता पुढची विहीर कंपनी करील की नाही, सांगता येत नव्हतं. अक्कांनी ऐकून घेतलं. "चुरा बघितला का? पेटीत?"

"बघितला. चमक आहे, पण मंद."

"मंग भेगेला समांतर गेलीस तू. शेजारनं चालली, घरात गेली न्हाईस. वाकडं वळ."

फोन ठेवल्यावर त्या आत गेल्या, पलंगावर पडल्या आणि दोन दिवस उठल्या नाहीत. रेखानं नेलेली भाकरी तशीच परत यायची. तिसऱ्या दिवशी जिन्याशी येऊन मला म्हणाल्या, "मास्तर, समज मीच चुकीची असले तर? त्या पोरीची नोकरी जाईल रे." इतक्या वर्षांत त्यांना भीती वाटलेली मी पाहिली नव्हती. मी म्हणालो, "माहीत नाही, अक्का." त्या हसल्या. म्हणाल्या, "शिकलास."

कंपनीनं कसंबसं दुसऱ्या विहिरीला होकार दिला. ती वळवून, आडवी नेली. अदितीचा फोन आला तेव्हा रेखा अक्कांच्या डोळ्यांत थेंब घालत होती. फोन स्पीकरवर होता. अदिती नुसती रडत होती. अक्का मान मागे टाकून, डोळे मिटून पडल्या होत्या. थेंब कुठला आणि पाणी कुठलं, कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "वाहतंय?"

"वाहतंय मॅडम."

"परवडंल?"

"परवडेल."

पुढं वर्षा-दीड वर्षात तिथं लहानसं प्लॅटफॉर्म उभं राहिलं. चार लोखंडी पायांवर मांडव घालावा तसं, वर हेलिकॉप्टर उतरण्यापुरती जागा. तेल सुरू झालं तेव्हा अदितीनं खूप खटपटी करून अक्कांना तिथं न्यायची परवानगी काढली. डॉक्टर बरोबर राहणार, एकदाच, थोडा वेळ. तोपर्यंत अक्कांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. एकट्यानं राहणं शक्य नव्हतं, म्हणून पैठणच्या धाकट्या बहिणीकडे कायमचं जायचं ठरलं होतं. सामान आधीच गेलं होतं. मुंबईहून परतल्या की स्टेशनवरूनच भाची त्यांना पैठणला नेणार होती. रेखा म्हणाली, दिसत नाही तर एवढ्या लांब कशाला जायचं अक्का? त्या म्हणाल्या, "दिसत तर तवाबी नव्हतं."

सकाळच्या गाडीनं त्या परत आल्या. आम्ही दोघं स्टेशनवर गेलो होतो, अक्कांची भाचीही पैठणहून आली होती. शहराच्या नव्या नावाच्या पाटीखाली कोवळं ऊन पडलं होतं. अदितीनं हात धरून त्यांना उतरवलं. केस विस्कटलेले, साडी चुरगाळलेली, चेहरा एखाद्या लहान मुलीचा. अदिती हळूच म्हणाली, "कोणाचं ऐकलंच नाही. हातमोजा काढला आणि पाइपावर हात ठेवून उभ्या राहिल्या. डॉक्टर घाबरले. मॅडम हात काढायलाच तयार नव्हत्या."

तेल खूप खोलातून येतं, म्हणून तोंडाशी पाइप चांगलाच ऊन असतो, असं तिनं आम्हाला समजावून सांगितलं. अक्का ते ऐकत नव्हत्या. त्यांनी रेखाचा आवाज शोधला, चाचपडत तिचा चेहरा शोधला आणि उजवा तळहात तिच्या गालावर ठेवला. स्टेशनच्या फलाटावर गर्दी होती, हमाल ओरडत होते, लोक आमच्यापासून वळसा घालून जात होते.

"लागतंय का ऊन?" अक्कांनी विचारलं.

रेखानं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांनी गालावर दाबून धरला.

"लागतंय, अक्का," ती म्हणाली.